स्फुरद सुटा करणारी एन्झाइमे : त्यांची कुळे व त्यांचा उगम

मुळांची वाढ व दाण्याची भरणी यांसाठी पिकास स्फुरद लागतो. जमिनीत एकूण स्फुरद पुष्कळ असला तरी पिकास मिळण्याजोगा भाग अल्प असतो. काही स्फुरद चुना, लोह वा अॅल्युमिनियम यांच्याशी बद्ध होतो. बराचसा सेंद्रिय पदार्थांत अडकून राहतो. सेंद्रिय पदार्थांतील स्फुरद सुटा करण्याचे काम फॉस्फटेज नावाची एन्झाइमे करतात.

या एन्झाइमांचे सर्वांत सोपे वर्गीकरण आम्लतेवरून होते. आम्ल फॉस्फटेज आम्लधर्मी परिस्थितीत अधिक कार्य करते. ते पिकांच्या मुळांतून तसेच बुरशी व जीवाणूंपासून मिळते. अल्क फॉस्फटेज अल्कधर्मी परिस्थितीत कार्य करते; वनस्पती ते तयार करीत नाहीत, ते मुख्यतः सूक्ष्म जीवांकडून येते. म्हणून कोकणच्या आम्लधर्मी जांभ्या जमिनीत पहिल्याचे, तर चुनखडीयुक्त काळ्या जमिनीत दुसऱ्याचे महत्त्व अधिक असते.

धान्य व कडधान्यांच्या बियांतील सुमारे दोनतृतीयांश स्फुरद फायटिक आम्लाच्या रूपात साठविलेला असतो. त्याचे विघटन करणारे फॉस्फटेज म्हणजे फायटेज. 1907 साली जपानी शास्त्रज्ञांना ते भाताच्या कोंड्यात आढळले. पुढे एन्झाइमांची रचना उलगडल्यावर फायटेजची चार कुळे निश्चित झाली. पहिल्या कुळाच्या क्रियास्थानी हिस्टिडीन हे अमिनो आम्ल असते. अॅस्परजिलस बुरशीचे फायटेज या कुळातील होय. दुसरे जांभळ्या रंगाचे, धातुयुक्त कूळ सोयाबीनसारख्या वनस्पतींत आढळते. तिसऱ्याचा आकार पंख्याच्या पात्यांसारखा असून त्यास कॅल्शियम लागते. ते बॅसिलस जीवाणूंत सापडते. चौथ्याच्या क्रियास्थानी सिस्टीन असते. ते गुरांच्या पोटातील जीवाणूंत मिळते.

या चार कुळांची घडण इतकी भिन्न आहे की ती एकाच पूर्वजापासून झाली नसावीत, असे मानले जाते. कार्य एकच, परंतु निसर्गाने ते निरनिराळ्या मार्गांनी साधले आहे. याचा प्रत्यय गोठ्यात येतो. पोटातील जीवाणूंमुळे गाय कोंड्यातील स्फुरद वापरू शकते. कोंबडीस तो पुरेसा वापरता येत नाही व बराचसा विष्ठेतून बाहेर पडतो. म्हणूनच कोंबडीखतात स्फुरद भरपूर असतो आणि कुक्कुटखाद्यात फायटेज मिसळण्याची पद्धत रूढ झाली आहे.

मात्र एक मर्यादा ध्यानी ठेवावी. फॉस्फटेज चुन्याशी वा लोहाशी बद्ध झालेला स्फुरद मोकळा करीत नाही. तसेच ते नवा स्फुरद निर्माणही करीत नाही. पिकाबरोबर शेतातून जाणारा स्फुरद परत द्यावाच लागतो. उलटपक्षी, सुटा स्फुरद विपुल असल्यास मुळे व जीवाणू हे एन्झाइम कमी तयार करतात. अशा शेतात जादा खत घालणे म्हणजे पैशाचा अपव्यय होय.

यास्तव गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी शेतकऱ्यांस पुढील गोष्टी पटवून द्याव्यात : माती परीक्षण करूनच स्फुरदयुक्त खताची मात्रा ठरवावी, चांगले कुजलेले शेणखत वा कंपोस्ट नियमित द्यावे, धसकटे व पाचट न जाळता जमिनीत कुजू द्यावे. सूक्ष्म जीवांस अन्न व ओलावा मिळाला, तरच ही एन्झाइमे आपले कार्य करीत राहतील.