पोस्टर मिळालं म्हणून तोंड पाडू नका

परिषदेची ईमेल आली की मुलं तिच्यात आधी एकच शब्द शोधतात. ओरल, म्हणजे मंचावरून बोलणं, असेल तर चहा-समोसे, पोस्टर असेल तर चेहरे उतरलेले. “सर, आपल्याला पोस्टरमध्ये टाकलं.” मग बेत ठरतो: पेपरचीच पानं मोठी करून चिकटवायची, प्रवासाच्या आदल्या संध्याकाळी छापून घ्यायचं, आणि ज्याला सुट्टी मिळेल त्याने जाऊन उभं राहायचं. हे इतक्यांदा पाहिलंय की आता माझं मत पक्कं झालंय. संशोधन कच्चं म्हणून बिघडलेलं पोस्टर मी क्वचितच पाहिलं. बहुतेक पोस्टरं बिघडतात ती दुय्यम समजून केल्यामुळे.

मी चरोद्याला राहतो आणि दुर्ग जिल्ह्यातल्या एका इंजिनीअरिंग कॉलेजात मेकॅनिकल शिकवतो. वडील वर्ध्याहून इथल्या मार्शलिंग यार्डात नोकरीला आले आणि आम्ही इथलेच झालो. आमच्याकडे येणारी बरीच मुलं घरातली पहिली पदवीधर. त्यांना परिषद म्हणजे काय, तिथे कोण येतं, कुठे उभं राहायचं, हे सांगणारं घरात कोणी नसतं. हा लेख त्यांच्यासाठी आहे.

आधी तो दुय्यमपणाचा समज काढून टाका. युरोपातल्या जीवरसायन संस्थांच्या महासंघाची १९६९ साली माद्रिदला परिषद झाली. आंतरराष्ट्रीय परिषदेत पोस्टरसत्राची सुरुवात तिथून झाली असं मानतात. अमेरिकेत ही पद्धत १९७४मध्ये मिनिॲपोलिसच्या परिषदेत आली. कारण अगदी व्यवहारी होतं: निबंध वाढत गेले, सभागृहं आणि तास तेवढेच राहिले. आज महाराष्ट्रातल्या विद्यापीठांच्या ‘आविष्कार’ या संशोधन संमेलनात पोस्टरला मोठं स्थान आहे. आमच्या भिलाईच्या पोलादवाल्यांना ठाऊक असलेल्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ मेटल्सच्या वार्षिक तांत्रिक संमेलनातही पोस्टरांची स्पर्धा असते. शिवाय हिशेब करून बघा. ओरलला दहा-बारा मिनिटं मिळतात, त्यात अध्यक्ष घंटी वाजवतात, प्रश्न आलेच तर दोन, तेही पुढच्या वक्त्याच्या पेन ड्राइव्हच्या गडबडीत. पोस्टरपाशी तास-दीड तास तुमचा असतो आणि समोर येणारा माणूस स्वतःहून आलेला असतो. लहान गावातल्या कॉलेजच्या मुलाला त्या विषयातला जाणकार एवढ्या जवळून दुसरीकडे कुठे भेटणार?

आता एका पोस्टरची गोष्ट सांगतो. देवबलोद्याची एक मुलगी आणि कुम्हारीचा एक मुलगा, दोघं अंतिम वर्षाचे. विषय मालगाडीच्या चाकांचा. ब्रेक अडकून चाक फिरायचं थांबलं आणि गाडी त्याला तसंच घासत घेऊन गेली, की चाकाचा तेवढा भाग सपाट होतो. रेल्वेत त्याला फ्लॅट म्हणतात. पुढे ते चाक फिरायला लागलं की प्रत्येक फेऱ्याला रुळावर एक ठोका बसतो. यार्डाजवळ राहणाऱ्यांना हा आवाज झोपेतही ओळखू येतो. मुलांचा प्रश्न असा की साध्या मायक्रोफोनने तो ओळखता येईल का? रुळाच्या सांध्याचा आवाज एकाच जागेवरून येतो, त्यावरून जाणाऱ्या प्रत्येक चाकाला. फ्लॅटचा ठोका मात्र त्या एका चाकाबरोबर पुढे सरकतो. नव्या मालडब्याचं चाक १००० मिलिमीटर व्यासाचं, म्हणजे परीघ ३.१४ मीटर. गाडी ताशी ३० किलोमीटरने जात असेल तर सेकंदाला २.७ ठोके पडायला हवेत. मुलांनी सार्वजनिक रस्त्यावरून ध्वनिमुद्रण केलं, ठोके मोजले, आकडे बऱ्यापैकी जुळले. काम छोटं, पण नीटनेटकं.

पोस्टर नागपूरच्या एका परिषदेत होतं. मुलांनी फाइल एझिरो मापाची केली, म्हणजे ८४१ बाय ११८९ मिलिमीटर, आणि बाजारातल्या एका फ्लेक्सवाल्याकडे दिली. फ्लेक्सवाल्यांचा सगळा कारभार फुटात चालतो. त्याने प्रेमाने सांगितलं, “तीन बाय चार में फुल सेट कर दिया, किनारी नहीं बचेगी.” तीन बाय चार फूट म्हणजे ९१४ बाय १२१९ मिलिमीटर. कडा उरू नयेत म्हणून त्याने चित्र ताणलं, ते उंचीला अडीच टक्के आणि रुंदीला जवळजवळ नऊ टक्के. बारशाच्या किंवा वाढदिवसाच्या फ्लेक्सवर याने काही बिघडत नाही, काका जरा गुबगुबीत दिसतात एवढंच. आमच्या पोस्टरच्या मधोमध तीस सेंटीमीटरचं चाक होतं. ते आडवं साडेबत्तीस सेंटीमीटरच्या वर गेलं आणि उभं एकतीसच्या आत राहिलं. चाकाच्या गोलाईवरचं पोस्टर, आणि चाकच गोल नाही! वॅगन दुरुस्तीत आयुष्य घालवलेले एक निवृत्त गृहस्थ समोर उभे राहिले, चष्मा वर केला आणि म्हणाले, “अगं पोरी, फ्लॅट कुठंय यात? हे चाक तर अख्खंच अंड्यासारखं झालंय.”

तेव्हापासून आमच्याकडे पोस्टरच्या खालच्या कोपऱ्यात दोन बारीक रेघा असतात, एक आडवी आणि एक उभी, दोन्ही बरोबर दहा सेंटीमीटरच्या. छापून आलं की दुकानाच्या काउंटरवरच पट्टी लावायची. दोन्ही दहा भरल्या तरच पैसे द्यायचे. माप मिलिमीटरमध्ये लिहून द्या, ‘ताणू नका, कडा पांढरी राहू द्या’ असं सांगा, आणि पीपीटी न देता पीडीएफ द्या. पीपीटी दुकानातल्या संगणकावर उघडली की अक्षरवळण बदलतं आणि ‘म्यू’च्या जागी चौकोन उमटतो. आणि हे सगळं करण्याआधी परिषदेच्या सूचनेत बोर्डाचं माप आणि तो उभा की आडवा हे पाहा. आडवं पोस्टर उभ्या बोर्डावर दोन्ही बाजूंना बाहेर येतं आणि शेजाऱ्याचं पोस्टर झाकतं. शेजारी मग बोलत नाही.

फोटोंबद्दल एकच. व्हॉट्सॲपवरून साधा पाठवलेला फोटो आक्रसून येतो. मोबाइलवर तो छान दिसतो आणि पोस्टरवर त्याचे ठोकळे होतात. तो डॉक्युमेंट म्हणून मागवा. दहा इंच रुंद छापायचा असेल तर निदान पंधराशे पिक्सेल रुंदी हवी.

परवानगीचं प्रकरण याहून गंभीर आहे, आणि आमच्या भागात तर फारच. इथे विषय कारखान्याचे नाहीतर रेल्वेचे असतात. ओळखीतले कोणीतरी काका म्हणतात, “घ्या हो फोटो, काय होतंय!” ते काका म्हणजे परवानगी नव्हे. दुसऱ्या एका गटाला असेच एका कार्यशाळेतले फोटो मिळाले. पोस्टर छापून झालं आणि निघायच्या आदल्या रात्री फोन आला, ते फोटो दाखवू नका. सकाळी परिषदेच्या दारात मुलं कात्री-डिंक घेऊन पांढरे कागद चिकटवत होती. डिंकाने कागदाला सुरकुत्या पडल्या, आणि येणारा प्रत्येक जण आधी तेच विचारायचा, “खाली काय आहे?” तेव्हा ॲबस्ट्रॅक्ट, म्हणजे कामाचा सारांश, पाठवण्याआधीच लेखी परवानगी घ्या. आकडे, फोटो, यंत्रांचे क्रमांक, काय दाखवणार आणि कुठे दाखवणार, सगळं त्या पत्रात लिहा. रुळांवर किंवा यार्डात परवानगीशिवाय जायचा तर विचारही करू नका. १९८९च्या रेल्वे कायद्याच्या कलम १४७खाली तो गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद, एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. माझी मुलं रस्त्यावरून ध्वनिमुद्रण करत होती ते उगीच नाही.

ॲबस्ट्रॅक्टमध्ये ‘निष्कर्षांची चर्चा केली जाईल’ हे वाक्य दिसलं की मी लाल पेन काढतो. जे अजून केलेलं नाही त्याची चर्चा कशाची? अडीचशे शब्दांत निदान एक खराखुरा आकडा हवा. आणि पाठवायची घाई शेवटच्या रात्री नको, कारण त्या रात्री संकेतस्थळ हमखास रडतं.

मजकूर किती असावा, हे शिकवायला मला एकच उपाय सापडलाय. एझिरो पोस्टर एफोर कागदावर छापा. लांबी-रुंदी बरोबर चौपट कमी होते, म्हणजे २४ पॉइंटचं अक्षर सहा पॉइंटचं होतं. तो कागद हातभर लांब धरून सुखाने वाचता आला तर पोस्टर वाचलं जाईल. डोळे बारीक करावे लागले तर मजकूर कापा. कापायला सुरुवात साहित्य-आढाव्यापासून करा, तिथे कोणी थांबत नाही. चाकवाल्या मुलांचं मूळ शीर्षक होतं ‘मालडब्यांच्या चाकांवरील दोषांचा ध्वनिसंकेतांच्या साहाय्याने अभ्यास’. ते बदलून आम्ही ‘सपाट झालेलं चाक कानाने ओळखता येतं का?’ असं केलं, इंग्रजीत अर्थातच. माइक मॉरिसन नावाच्या एका अमेरिकी संशोधकाने २०१९मध्ये सुचवलं की पोस्टरच्या मधोमध निष्कर्षाचं एकच ठळक वाक्य लिहावं, बाकी तपशील कडेला आणि क्यूआर कोडमध्ये. कल्पना मला पटते, पण निम्मी. आपल्याकडचे परीक्षक गुणपत्रिका हातात घेऊन ‘पद्धती’चा चौकोन शोधत येतात. तो दिसला नाही तर गुण गेले. म्हणून वाक्य ठळक ठेवा आणि पद्धतीची आकृतीही ठेवा.

प्रवासाचं सामान स्वस्तात होतं. हार्डवेअरच्या दुकानातून चार इंची पीव्हीसी पाइपचा तीन फुटी तुकडा आणि दोन टोपणं घ्या. गुंडाळताना छापील बाजू बाहेर ठेवा. मग लावल्यावर कडा बोर्डाकडे वळतात, नाहीतर पोस्टर दिवसभर आत मिटत राहतं. टाचण्या, दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप आणि कात्री स्वतःची न्या. गाडीत पाइप वरच्या बर्थवर ठेवा आणि उतरताना आठवणीने घ्या. दुर्गहून पुढे गेलेल्या एका गाडीत एकाचं पोस्टर अजून फिरत असावं.

उभं राहणं ही वेगळीच विद्या आहे. पोस्टरच्या समोर उभे राहिलात तर ते तुम्हीच झाकता. बाजूला उभे राहा. आलेल्या माणसाला आधी विचारा, “आपलं काम कुठल्या क्षेत्रातलं?” त्यावरून ठरवा, अर्ध्या मिनिटाचं सांगायचं की दोन मिनिटांचं. दोन्ही आधी घरी मोठ्याने म्हणून बघा, आईला ऐकवा, तिला कळलं तर कोणालाही कळेल. पोस्टर वाचून दाखवू नका, समोरच्याला वाचता येतं. आणि भाषा. आमची मुलं इंग्रजीत अडकली की गप्पच होतात. समोरचा हिंदीत किंवा मराठीत बोलत असेल तर खुशाल त्याच भाषेत बोला. त्याला चाकात रस आहे, तुमच्या व्याकरणात नाही.

त्या निवृत्त गृहस्थांनी अंड्याची थट्टा केली आणि मग खरा प्रश्न विचारला, “चाक नवं धरलंय की झिजलेलं?” मालडब्याचं चाक झिजत, घासून नीट करत ९०६ मिलिमीटरपर्यंत वापरतात. तेवढ्या व्यासाचं चाक त्याच वेगाला सेकंदाला २.७ नव्हे, २.९ ठोके देतं. मुलीने पाठ केलेलं उत्तर फेकलं नाही. म्हणाली, “आम्ही नवंच धरलं, हा विचार केला नव्हता,” आणि वहीत लिहून घेतलं. पुढचा प्रश्न आला, तुम्हाला ऐकू आलेला फ्लॅट ६० मिलिमीटरच्या आतला की बाहेरचा? मालडब्यांसाठी तीच मर्यादा आहे. बाहेरून ऐकून ते कळत नाही, असं तिने सरळ सांगितलं. गृहस्थ मग वीस-पंचवीस मिनिटं थांबले. ठोक्याच्या आवाजाची तीव्रता आणि फ्लॅटची लांबी यांची सांगड कशी घालता येईल, हे त्यांनी वहीच्या मागच्या पानावर काढून दिलं. तिचा एमटेकचा विषय त्या पानातून निघाला. बक्षीस शेजारच्या पोस्टरला मिळालं. त्याच्यावर रंग फार होते.

झटपट परिषदांपासून सावध राहा. ॲबस्ट्रॅक्ट पाठवल्यावर दुसऱ्या दिवशी ‘अभिनंदन’ आणि त्याच ईमेलमध्ये शुल्काचा खाते क्रमांक आला, तर थांबा. आयोजन समितीतल्या प्राध्यापकांची नावं त्यांच्या संस्थेच्या संकेतस्थळावर शोधा, दोघांना ईमेल करून विचारा. मागच्या वर्षीचे निबंध कुठे छापले गेले ते बघा. एकाच हॉटेलात, एकाच दिवशी वैद्यक, सिव्हिल आणि व्यवस्थापनाची ‘आंतरराष्ट्रीय’ परिषद असेल तर पैसे वाचवा. उलट, परिषद खरी असेल तर नोंदणी वेळेत करा आणि जा. बहुतेक ठिकाणी एका तरी लेखकाची नोंदणी लागते. आयईईईच्या परिषदांत तर हजर न राहिलेल्यांचा पेपर डिजिटल ग्रंथालयात न घेण्याचा हक्क आयोजक राखून ठेवतात.

आणि निघण्याआधी प्रमाणपत्रावरचं नाव तिथेच वाचून घ्या. आमच्याकडची मराठी आडनावं हिंदी आणि इंग्रजीतून फिरून येता येता पार बदलतात. टेबलावर प्रिंटर असतो तोवर दुरुस्ती दोन मिनिटांचं काम असतं. नंतर त्यासाठी ईमेल करत बसावं लागतं, आणि तोवर समिती विसर्जित झालेली असते.