खोलीतली उसनवारी आणि परदेशातली सुट्टी

गगनबावडा तालुक्यातला विद्यार्थी बारावीनंतर पुढच्या शिक्षणासाठी बहुतेक वेळा कोल्हापूर गाठतो. अंतर सुमारे ५५ किलोमीटर. एसटीचा विद्यार्थी पास काढला की भाड्याच्या एक तृतीयांश रकमेत प्रवास होतो, त्यामुळे रोज ये-जा करून पदवी पुरी करणारेही आहेत. पण पावसाळ्यात मांडुकलीजवळ कुंभी नदीचे पाणी रस्त्यावर आले की वाहतूक थांबते, आणि अंतर्गत परीक्षा पाण्यासाठी थांबत नाही. मग शहरात मुक्काम शोधावा लागतो. शाहू महाराजांनी १९०१ मध्ये मराठा विद्यार्थ्यांसाठी बोर्डिंग सुरू केले आणि पुढे निरनिराळ्या समाजांसाठी वसतिगृहे काढली, म्हणून कोल्हापूरला वसतिगृहांची मोठी परंपरा आहे. त्यात जागा न मिळालेली मुले कॉट बेसिसवर खोली घेतात आणि खानावळीचा डबा लावतात.

या खोलीतले जीवन उसनवारीवर चालते. एकाची गाडी, दुसऱ्याचा इस्त्रीचा शर्ट, तिसऱ्याचा चार्जर. कुणाच्या घरून तांदळाचे पीठ येते, कुणाच्या घरून नाचणीचे. सहलीला किंवा वाढदिवसाला कॉन्ट्री काढली जाते, हिशेब महिनाअखेरीस होतो किंवा होतच नाही. यात वाईट काही नाही. गरिबीतली पुष्कळ शिक्षणे याच उसनवारीवर पुरी झाली आहेत. अडचण येते ती उसन्या दिलेल्या वस्तूवर देणाऱ्याचे नाव छापलेले असते तेव्हा. सिम कार्ड, बँक खाते, आधारची प्रत आणि पासपोर्ट या चार गोष्टी शर्टासारख्या वापरायला देता येत नाहीत. परदेशप्रवासात ओढवणाऱ्या संकटांपैकी बरीच या चारांतल्या एखादीतून, तीही निघण्याच्या कितीतरी आधी सुरू झालेली असतात.

खात्याचे उदाहरण घ्यावे. ‘माझ्या खात्याची मर्यादा संपली, तुझ्या खात्यावर पैसे घेतो, काढून दे’ अशी मित्राची किंवा मित्राच्या मित्राची विनंती साधी वाटते; वर हजार-दोन हजार रुपयेही मिळतात. ते पैसे सायबर फसवणुकीतले असतील तर फसलेला माणूस १९३० या क्रमांकावर तक्रार करतो, पैशाचा माग निघतो आणि ज्या ज्या खात्यांतून रक्कम गेली ती गोठवली जातात. खातेदार त्या वेळी बँकॉकच्या हॉटेलात बिल भरत असेल तर त्याचे कार्ड तिथेच बंद पडते, आणि चौकशीला उत्तर देण्यासाठी तो जागेवर नसतो. सिमचेही तसेच आहे. आपल्या नावावर किती सिम चालू आहेत हे दूरसंचार विभागाच्या ‘संचार साथी’ संकेतस्थळावर पाहता येते. प्रवास ठरण्याआधी ते पाहावे आणि अनोळखी क्रमांक तिथूनच बंद करायला सांगावा.

सुट्टीचा बेत बहुधा परीक्षेच्या ऐन दिवसांत शिजतो. स्वस्त तिकीट दिसते, कुणीतरी सगळ्यांचे एकदम काढून टाकतो, आणि नंतर विद्यापीठाचा पेपर पुढे जातो. सवलतीचे तिकीट बहुतेक वेळा परत होत नाही, म्हणून अंतिम वेळापत्रक लागल्याखेरीज ते काढू नये. परतीची तारीखही गगनबावड्याच्या मुलाने पाऊस धरून ठरवावी. कोल्हापूरच्या विमानतळावरून परदेशी विमान नाही. पुण्याला किंवा मुंबईला तरी जावे लागते, नाहीतर करूळ घाट उतरून वैभववाडी रोडला कोकण रेल्वे धरून गोव्यातले मोपा विमानतळ. जूनमध्ये घाटात दरड येऊ शकते. २०२४ च्या जानेवारीपासून तर रस्त्याच्या कामासाठी करूळ घाट वर्षभर बंदच होता. शिवाय जूनमध्ये घरी पेरणीची घाई असते, हे मित्रांना ठाऊक नसले तरी त्याला ठाऊक असते.

पासपोर्टचा अर्ज सरकारच्या पासपोर्ट सेवा संकेतस्थळावरच करावा. त्याच्यासारखी दिसणारी खासगी संकेतस्थळे जास्तीचे पैसे घेतात. प्रौढाच्या ३६ पानी पासपोर्टचे साधे शुल्क १,५०० रुपये आहे. १ ऑक्टोबर २०२३ पूर्वी जन्मलेल्यांना जन्मतारखेसाठी शाळा सोडल्याचा दाखला चालतो. खरा घोळ होतो तो नावात. दाखल्यावर एक इंग्रजी स्पेलिंग, आधारवर दुसरे, बँकेत वडिलांचे नावच नाही, असा प्रकार आपल्याकडे घरोघरी आहे. आधी ही कागदपत्रे एकसारखी करून घ्यावीत, आणि विमानाचे तिकीट पासपोर्टवरच्या नावाप्रमाणे अक्षर न् अक्षर जुळवून काढावे. पत्ता कोणता द्यावा हाही प्रश्न असतो. कॉट बेसिसच्या खोलीचा करारनामा नसतो, त्यामुळे गावचा पत्ता देणे सोयीचे पडते. मात्र पोलीस पडताळणीसाठी त्या दिवसांत गावी हजर राहावे लागते. घरी वडिलांना पूर्वकल्पना नसेल तर ‘तो इथे राहत नाही, कोल्हापूरला असतो’ असे सरळ उत्तर दिले जाते आणि अर्ज अडकतो.

व्हिसाच्या बाबतीत सगळे देश सारखे नाहीत. नेपाळला भारतीयाला व्हिसा लागत नाही. पण विमानाने जायचे तर आधार चालत नाही, पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र लागते. थायलंड, मलेशिया यांचे नियम गेल्या काही वर्षांत अनेकदा बदलले आहेत, म्हणून मागच्या वर्षी जाऊन आलेल्या मित्राच्या सांगण्यावर विसंबू नये, त्या देशाच्या दूतावासाची माहिती पाहावी. युरोपातल्या शेंगेन देशांसाठी प्रौढाचे शुल्क जून २०२४ पासून ९० युरो आहे आणि व्हिसा नाकारला तरी ते परत मिळत नाही. किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा लागतो. विद्यार्थ्याने कॉलेजचे बोनाफाईड, पालकांचे बँक विवरण आणि खर्च कोण करणार याचे पत्र जोडायचे असते. खात्यात चार दिवसांसाठी उसने पैसे टाकून शिल्लक फुगवणे हा खोलीतला आवडता उपाय. विवरणात एकरकमी जमा ठळक दिसते, आणि व्हिसा अधिकारी नेमके तेच पाहतो.

पैशाबद्दल थोडक्यात. रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या नियमानुसार नवे कार्ड सुरुवातीला फक्त देशांतर्गत व्यवहारांसाठी चालू असते; परदेशातला वापर स्वतः सुरू करावा लागतो. ओटीपी येणारे सिम रोमिंगवर चालू ठेवावे. सगळ्यांची तिकिटे व हॉटेले एकाच्याच कार्डावर असू नयेत, कारण वाटेत भांडण झाले की रद्द करण्याचा अधिकार एकाकडे आणि रस्त्यावर येण्याची पाळी इतरांवर येते.

सामानाकडे मात्र सावकाश पाहायला हवे. घरून निघताना आई बॅगेत कांदा-लसूण चटणी भरते. तिच्यात सुके खोबरे असते आणि खसखसही. खसखस संयुक्त अरब अमिरातीत आणि सिंगापुरात बंदी असलेली वस्तू आहे. दुबईमार्गे जाणाऱ्याने ती असलेला मसाला नेऊच नये. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या तेलामुळे पेट घेऊ शकतात, म्हणून विमानात त्यांना मज्जाव आहे. लोणचे आणि ठेचा हातातल्या बॅगेत द्रवपदार्थांत मोजले जातात, मर्यादा १०० मिलिलिटर. युरोपात तूप, पेढे, खवा यांसारखे दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत. पॉवर बँक उलट हातातल्याच बॅगेत ठेवायची असते. नियमित गोळ्या असतील तर डॉक्टरची चिठ्ठी सोबत हवी. आपल्याकडे सहज मिळणारी कोडीनयुक्त खोकल्याची औषधे आखाती देशांत अडचणीत आणतात.

हे झाले स्वतःच्या सामानाचे. दुसऱ्याच्या सामानाचा धोका कितीतरी मोठा आहे. बँकॉकहून येणाऱ्या प्रवाशांकडून मुंबई विमानतळावर हायड्रोपोनिक गांजा पकडल्याच्या बातम्या २०२४ पासून वारंवार येत आहेत. हवाबंद पाकिटांत, खाऊच्या पुड्यांत तो दडवलेला असतो, आणि आणणाऱ्यांत पहिल्यांदाच परदेशी गेलेली तरुण मुले असतात. पद्धत ठरलेली. ओळखीतला कुणीतरी तिकीट व हॉटेलचा खर्च करतो, वर थोडी रक्कम कबूल करतो. परतताना एक बॅग आणायची, ‘मुंबईत माणूस येऊन घेईल’. थायलंडने जून २०२२ मध्ये गांजा बंदीच्या यादीतून काढला, त्यामुळे तिथे दुकानात दिसणारा माल इथेही फारसा गुन्हा नसेल असा गैरसमज होतो. थायलंडनेही २०२५ मध्ये नियम पुन्हा कडक केले. भारतात १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यानुसार २० किलोपेक्षा जास्त गांजाला किमान १० आणि कमाल २० वर्षे सश्रम कारावास आहे. एक किलोच्या वर आणि २० किलोच्या आत सापडला तर १० वर्षांपर्यंत. सिंगापुरात ५०० ग्रॅमहून अधिक गांजाच्या तस्करीला फाशीची शिक्षा आहे. ‘बॅगेत काय होते ते मला माहीत नव्हते’ हे सिद्ध करण्याचा भार आपल्या कायद्याने आरोपीवर टाकला आहे. बॅगेवरच्या पट्टीवर नाव असते ते ज्याच्या बोर्डिंग पासवर ती चढवली त्याचे, आणि विमानतळाबाहेर थांबलेला माणूस तेवढ्यात निघून गेलेला असतो.

म्हणून दुसऱ्याने भरलेली बॅग घेऊ नये, मग तो शेजारच्या कॉटवरचा का असेना. औषधाची पुडी, परफ्यूमची बाटली, ‘काकांसाठी’ दिलेली सोन्याची साखळी, कुठलाही अपवाद करू नये. नकार देणे जड जाते हे खरे. ज्याने आजारपणात डबा आणून दिला त्याला नाही म्हणणे कठीण, आणि तस्करांच्या टोळ्यांचे दलाल मैत्रीतला हाच भिडस्तपणा हेरतात. ‘घरच्यांनी शपथ घातली आहे’ एवढे सांगितले तरी काम भागते.

उन्हाळी नोकरीचे आमिष हा याच साखळीतला दुसरा दुवा. थायलंडमध्ये ‘डेटा एंट्री’ किंवा ‘कस्टमर सपोर्ट’चे काम, चांगला पगार, मुलाखत फक्त व्हिडिओ कॉलवर, आणि प्रवास पर्यटक व्हिसावर. तिथून सीमा ओलांडून म्यानमारमधल्या म्यावाडी भागातल्या सायबर फसवणुकीच्या केंद्रांत मुलांना डांबले जाते, पासपोर्ट काढून घेतले जातात. मार्च २०२५ मध्ये भारतीय हवाई दलाच्या विमानांनी थायलंडमधल्या माए सॉत येथून ५४९ भारतीयांना परत आणले. नोकरी देणारा एजंट केंद्र सरकारच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर नोंदलेला आहे का, हे दोन मिनिटांत तपासता येते. नोंदणीकृत एजंटाला सेवाशुल्क ३०,००० रुपये आणि त्यावरचा जीएसटी इतकेच घेता येते. पर्यटक व्हिसावर पगारी काम कुठेच चालत नाही. हॉस्टेलात फुकट राहण्याच्या बदल्यात स्वागतकक्षात बसणे हेही पुष्कळ देशांत कामच धरले जाते.

सोबत जाणाऱ्यांनी निघण्यापूर्वी काही गोष्टी मोकळेपणाने बोलून घ्याव्यात. रात्री एकटे कुणी जायचे नाही का, दारूचा खर्च सामाईक धरायचा का, एक आजारी पडला तर किती जणांनी थांबायचे. गावाजवळच्या गगनगडावर एका दिवसात जाऊन येताना हे प्रश्न उद्भवत नाहीत. आठ-दहा दिवस एका खोलीत राहिले की उद्भवतात. एखाद्याला मुक्काम वाढवायचा असेल तर त्याने मुदत पाहावी. थायलंडमध्ये मुदतीबाहेर राहिल्यास दिवसाला ५०० बाट दंड आहे, २०,००० बाटपर्यंत. पासपोर्ट प्रत्येकाने स्वतःकडे ठेवावा. स्कूटर भाड्याने घेताना तो तारण म्हणून दुकानदाराला देऊ नये, आणि ‘सगळ्यांचे मी सांभाळतो’ म्हणणाऱ्या उत्साही मित्रालाही नको.

पासपोर्ट हरवलाच तर प्रथम तिथल्या पोलिसांकडे तक्रार नोंदवून तिची प्रत घ्यावी आणि भारतीय दूतावास गाठावा. सोबत पासपोर्टच्या पहिल्या व शेवटच्या पानाची छायाप्रत आणि दोन फोटो असले की काम लवकर होते. या प्रती एक बॅगेत, एक ई-मेलमध्ये आणि एक गावी घरी असाव्यात. दूतावास आणीबाणीचे प्रमाणपत्र देतो. ते फक्त भारतात परतण्यापुरते असते, त्यावर पुढचा देश पाहता येत नाही. काही देशांत बाहेर पडण्यासाठी तिथल्या इमिग्रेशनचीही परवानगी लागते, त्यासाठी दोन-चार दिवस आणि तेवढ्या दिवसांचे पैसे हाताशी हवेत. कुणी ताब्यात घेतले, डांबले किंवा मालकाने कागद काढून घेतले तर घरच्यांना परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘मदद’ संकेतस्थळावर तक्रार नोंदवता येते. त्यासाठी पासपोर्ट क्रमांक घरी लिहून ठेवलेला असावा. परतल्यावर हरवलेल्या पासपोर्टच्या जागी नवा मागताना पुन्हा अर्ज, पुन्हा शुल्क, आणि बहुधा गगनबावड्याच्या पोलीस ठाण्यातून पुन्हा एकदा पडताळणी.