रथसप्तमीला निघा

बयो, तुझी यादी वाचली. सहा दिवसांत तेवीस ठिकाणं, पुण्यातून निघून थेट तेरेखोलपर्यंत! वाचता वाचता मलाच गाडी लागली.

रागावू नकोस. लग्नाच्या पहिल्या वर्षी मीही अशीच यादी केली होती. तुझ्या दाजींनी तर तिचा तक्ता करून गाडीत काचेजवळ चिकटवला होता, वेळांसकट. ती ट्रिप छान झाली असं घरी सगळ्यांना माहीत आहे, कारण फोटो छान आले. खरं काय झालं ते आज तुला पहिल्यांदा सांगते. आईला सांगू नकोस.

दुसऱ्या दिवशी आम्ही श्रीवर्धनहून निघालो आणि तक्त्याप्रमाणे बाणकोट, केळशी, आंजर्लं, हर्णै सगळं उरकत दाभोळला पोचलो, तर शेवटची फेरीबोट सुटून गेलेली. समोर वाशिष्ठीच्या पलीकडे धोपाव्याचे दिवे दिसत होते. आमची खोली पलीकडे गुहागरला, आणि आम्ही अलीकडे. वळसा घालायचा म्हणजे दापोली, खेड, चिपळूण करत शंभरावर किलोमीटर. हे म्हणाले, ‘तू केळशीला चहाला थांबवलंस ना!’ मी म्हटलं, ‘तुम्ही बाणकोटला त्याच भिंतीचे वीस फोटो काढलेत ना!’ त्यानंतर चिपळूण येईपर्यंत गाडीत कुणी बोललं नाही. रात्रीचं जेवण म्हणजे डॅशबोर्डच्या कप्प्यात सापडलेली शेंगदाण्याची चिक्की. तीही दोघांनी आपापली खाल्ली.

तेव्हापासून आमच्याकडे एक नियम आहे: एका दिवसात एकच खाडी. कोकणात नकाशावर बोटभर अंतर दिसतं, पण मध्ये खाडी आडवी असते. सावित्री, मग वाशिष्ठी, मग शास्त्री. त्या ओलांडायच्या म्हणजे गाडी बोटीवर चढवायची. स्थानिक लोक तिला जंगल जेट्टी म्हणतात. फोनमधला नकाशा आम्हाला कितीदा तरी परत महामार्गाकडे ढकलत राहिला, कारण त्याला लवकर पोचायचं होतं. रेवस-रेडी सागरी महामार्गावरचे मोठे पूल सगळे पुरे झाले की या बोटींची गरज उरणार नाही. मला त्याची घाई नाही. बोटीवर इंजिन बंद करून गाडीतून उतरावंच लागतं, आणि नवरा-बायको कठड्याला टेकून पाण्याकडे बघत उभी राहिली की आपोआप बरं बोलतात.

तर तुझ्या तेवीसातल्या सोळा ठिकाणांवर मी काट मारली आहे. मालवण, तारकर्ली, वेंगुर्लं, तेरेखोल सगळं पुढच्या खेपेला. त्यांना त्यांचे सहा दिवस दे.

निघायचं रथसप्तमीला. हसू नकोस, याला हिशेब आहे. माघातल्या गणेशजयंतीची गर्दी तोवर ओसरलेली असते, हवा बरी असते, आंब्याला मोहोर असतो, ओले काजू यायला लागलेले असतात आणि रात्री चांदणं असतं. शिवाय भरती-ओहोटी तिथीवरून कळते. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. अष्टमी म्हणजे आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमाराला भरती, आणि मध्ये बाराला ओहोटी. मिनिटाला बरोबर येत नाही, पण दिवस आखायला पुरतं. हे मला एका खानावळीतल्या काकूंनी भात वाढता वाढता शिकवलं, आणि इंजिनीअर नवऱ्याने ताबडतोब वहीत लिहून घेतलं.

सप्तमीला ताम्हिणीतून माणगाव, म्हसळा करत हरिहरेश्वर. त्या दिवशी फक्त पोचा. अष्टमीला सकाळी दहाच्या सुमाराला, पाणी उतरत असताना, देवळामागच्या प्रदक्षिणेच्या वाटेने जा. दोन कातळांच्या मधल्या पायऱ्यांनी खाली उतरलं की लाटांनी खाऊन खाऊन मधाच्या पोळ्यासारखे झालेले खडक लागतात. मात्र देवळापाशी विचारल्याशिवाय उतरू नका. त्या खडकांवर लाट मागून येते, आणि फोटोसाठी पाठ समुद्राकडे करून उभ्या राहिलेल्या माणसांचे जीव गेले आहेत तिथे. तुझा नवरा पोहण्यात पटाईत आहे हे मला माहीत आहे. त्याचा तिथे काही उपयोग नाही.

दुपारी बागमांडल्याहून वेशवीला पहिली बोट. वेळास वाटेवरच आहे. नाना फडणविसांचं गाव, आणि आता कासवांचं. पण पिल्लं समुद्रात जाताना बघायची तर रथसप्तमी जरा लवकर होते, तेव्हा त्या आशेवर जाऊ नका. सरळ दापोलीजवळच्या मुरुडला या आणि दोन रात्री एकाच खोलीत राहा. बॅग एकदा उघडली की दोन दिवस बंद करायची नाही. ट्रिपमधली निम्मी भांडणं बॅग भरताना होतात.

नवमीचा दिवस मी मोकळा ठेवला आहे. तू लगेच विचारशील, मग पन्हाळेकाजीची लेणी? 29 आहेत, कोटजाई नदीच्या काठी, फार सुंदर. पण राहू देत. त्या दिवशी सकाळी फक्त आंजर्ल्याच्या गावातून पाखाडीने कड्यावरच्या गणपतीला चढा. गाडी वरपर्यंत जाते, म्हणूनच सांगते, गाडी खाली ठेवा. जांभ्या दगडाच्या पायऱ्या, दोन्ही बाजूंना गडगे, माडा-पोफळींची सावली, कुठेतरी रहाटाचा किंवा पंपाचा आवाज. अर्धा तास लागतो, धापा टाकत गेलात तर. समुद्रकाठचं जुनं देऊळ पाण्यात जायला लागलं म्हणून गणपती कड्यावर येऊन बसला, असं गावात सांगतात. वरून दक्षिणेला पाण्यातला सुवर्णदुर्ग दिसतो, 2025 मध्ये जागतिक वारसा यादीत आलेल्या 12 किल्ल्यांमधला एक. मी तिथे तासभर बसले होते. हे पंधरा मिनिटांनी घड्याळ बघायला लागले, मग विसाव्या मिनिटाला चक्क झोपले. लग्नानंतर मी त्यांना असं उघड्यावर, बिनघोर झोपलेलं पहिल्यांदा पाहिलं. मनात म्हटलं, बरा आहे माणूस.

दुपारी झोपा तुम्हीही. संध्याकाळी हर्णैच्या बंदरावर जा, मासळीच्या लिलावाला. आम्ही गेलो तेव्हा होड्यांतून माल उतरवून बैलगाड्या पाण्यातून किनाऱ्यावर येत होत्या. लिलावाच्या आकड्यात आपल्यासारख्याने पडायचं नाही, आपल्याला त्यातलं काही समजत नाही. कडेला बसलेल्या बायकांकडून थोडीशी कोलंबी, चार बांगडे घ्या, आणि मुक्कामाच्या काकूंना आधीच विचारून ठेवा, करून द्याल का म्हणून. बहुतेक देतात, मसाल्याचे आणि मेहनतीचे पैसे घेऊन. तिखटाचं मात्र आधी सांग, तुझ्या नवऱ्याला उचकी लागते.

जेवणाचं जरा सविस्तर सांगते, कारण यात शहरातली माणसं हमखास फसतात. कोकणात घरगुती जेवणाची पाटी दिसली म्हणजे आत जेवण तयार आहे असं नसतं. सकाळी फोन करून ‘दोन माणसं, दुपारी एकला’ असं सांगायचं, मग त्या माणसांपुरता नारळ खवला जातो. रात्री नऊनंतर कुणाचं दार वाजवू नये. आणि मेन्यू मागू नये. ‘आज काय मिळालंय?’ असं विचारलं की काकूंचा चेहराच बदलतो. मग तिसऱ्या असतील तर तिसऱ्या, नाहीतर साधं कुळथाचं पिठलं आणि भात. त्या पिठल्यावर मी आजही सुरमई सोडून देईन. हॉटेलात फलकावर पापलेट, सुरमई, कोलंबी बाराही महिने लिहिलेली असतात. जून-जुलैत मासेमारी बंद असते तेव्हाही! त्यावरून काय ते समज.

दशमीला दाभोळची बोट, आमचीच ती ऐतिहासिक बोट. दुपारीच ओलांडा, माझ्यावर उपकार होतील. गुहागरला शाकाहारी जेवा, हट्टाने. उकडीचे मोदक आदल्या दिवशी सांगून ठेव. आणि ओल्या काजूची उसळ कुठे मिळाली तर किमतीवरून कटकट करू नकोस. तो काजू सोलताना टरफलातलं तेल हाताला लागतं, कातडी भाजून निघते. काकूंची बोटं बघ एकदा, मग उसळ खा. मी दुसऱ्यांदा वाढून घ्यायला लाजले होते. ह्यांनी माझ्या ताटात गुपचूप आपली वाटी सरकवली. दाभोळचं भांडण मी त्या वाटीपाशी सोडून दिलं. त्यांना हे अजून ठाऊक नाही.

एकादशीला सकाळी हेदवी. अकराची पाऊणपट सव्वाआठ, तेव्हा आठला तिथे असा. हरिहरेश्वरला ओहोटी हवी होती, इथे भरतीच हवी. किनाऱ्याच्या खडकात एक लांब, अरुंद चीर आहे, बामणघळ म्हणतात. भरतीचं पाणी त्यात घुसतं, पुढे जायला जागा नसते, मग खांबासारखं वर उसळतं. उधाण पौर्णिमेकडे असतं, त्यामुळे एकादशीला पूर्ण जोर नसेल, तरी भिजाल एवढं येतं. लांबूनच बघा. उपास असेल तर साबुदाणा आधी खाऊन निघ. उपाशीपोटी तू कशी वागतेस ते मी लहानपणापासून बघते आहे.

मग तवसाळहून जयगडला तिसरी खाडी. गणपतीपुळ्याला गर्दी बघून ठरवा, आरे-वारेचा रस्ता मात्र दुपारच्या उन्हातही सावकाश घ्या. वळणावर हॉर्न, आणि लाल एसटी समोर आली की आपण बाजूला. तिथे तिचाच मान. मुक्काम गणेशगुळ्याकडे कुठेतरी करा.

द्वादशीला तुमची शेवटची चाल, कशेळीच्या सड्यावर. सडा म्हणजे जांभ्याचं उघडं पठार. झाड नाही, सावली नाही. सकाळी सातला निघा, टोपी आणि पाणी घेऊन. तिथे कातळात कोरलेला भला मोठा हत्ती आहे, 18 मीटरच्या आसपास, आणि त्याच्या अंगात मासे, पक्षी, प्राणी असे कितीतरी आकार. अशी कातळशिल्पं शोधत रत्नागिरीचे सुधीर रिसबूड आणि धनंजय मराठे वर्षानुवर्षं हे सडे तुडवत हिंडले. 2022 मध्ये कशेळी, बारसू, उक्षी वगैरे जागा जागतिक वारशाच्या तात्पुरत्या यादीत गेल्या. कुणी कोरलं, कशासाठी, याचं उत्तर कातळावर लिहिलेलं नाही. तुम्ही दोघं आपापला अंदाज करा. हे म्हणाले, शिकारीचा नकाशा असणार. मी म्हटलं, दुपारभर पोरं गप्प बसावीत म्हणून कुण्या आईने त्यांना काम दिलं असणार. तिथे पादत्राणं काढून कडेकडेने हिंडा, आणि रेघा नीट दिसाव्यात म्हणून खडूने गिरवायचा मोह धरू नका.

जवळच कनकादित्याचं देऊळ आहे, सूर्याचं. रथसप्तमीचा तिथे उत्सव असतो. तुम्ही पोचाल तोवर मांडव उतरत असेल, देऊळ शांत असेल. मला उत्सवानंतरचं देऊळ जास्त आवडतं, झाडून काढलेलं अंगण आणि कोपऱ्यात सुकलेल्या फुलांचा ढीग. दुसऱ्या दिवशी आंबा घाटाने वर चढा आणि कोल्हापूरवरून परत या.

आता थोडं आपल्या दोघींतलं. पैशांसाठी एक बटवा कर, दोघांनी त्यात सारखे पैसे टाकायचे आणि त्यातूनच खर्च. कुणी किती दिले याची चर्चा परत आल्यावरही नको. रोख ठेव, सड्यावर आणि जेट्टीवर फोनचं काही खरं नसतं. गाडी दोघांनी चालवा, आणि तो चालवत असताना तू उजव्या पायाने कल्पनेतला ब्रेक दाबू नकोस. मला सवय आहे, ह्यांना दिसतं. सासूबाईंचा विषय घाटात काढू नकोस, घाटात थांबता येत नाही. तो गप्प बसला तर ‘काय झालं’ म्हणून तीनदा विचारू नकोस. तो समुद्र बघत असेल. नसेल, तर जेवण झाल्यावर आपणहून सांगेल.

थर्मास माझा घेऊन जा, निळा, त्याचं झाकण नीट लागतं. माझ्यासाठी येताना आगळाची एक बाटली आण, सीटखाली उभी ठेव. मागच्या वेळी आडवी पडली तर दोन महिने गाडीला कोकमाचा वास येत होता. आणि रोज संध्याकाळी आईला फोटो पाठवत बसू नकोस. सहा दिवस तिचे फोन मी घेते.