चमचाभर लेसिथिन, मणभर शंका

दिवाळी जवळ आली की ओट्यावर चकलीच्या सोऱ्याशेजारी चॉकलेटचे साचेही मांडले जातात. त्याच सुमारास माझ्याकडे दोन प्रश्न हमखास येतात. पहिला धास्तावलेल्या आईचा: "रेसिपीत सोया लेसिथिन घालायला सांगितलंय, ते केमिकल मुलांना चालेल ना?" दुसरा उत्साही आजोबांचा: "लेसिथिननं कोलेस्टेरॉल उतरतं म्हणे, मग जरा सढळ हातानं घातलं तर?" आईंना मी सांगतो, घाबरू नका. आजोबांना सांगतो, आशा धरू नका.

लेसिथिन म्हणजे फॉस्फोलिपिड जातीच्या स्निग्ध पदार्थांचं मिश्रण. त्याच्या रेणूचं एक टोक पाण्याकडे ओढ घेतं, दुसरं तेलाकडे, म्हणून एरवी न मिसळणारे पदार्थ ते एकत्र धरून ठेवतं; अशा पदार्थाला इमल्सिफायर म्हणतात. गोब्ले नावाच्या फ्रेंच औषधशास्त्रज्ञानं 1846च्या सुमारास ते अंड्याच्या पिवळ्या बलकातून वेगळं काढलं. अंडं घातलेला केक छान मिळून येतो त्याचं एक कारण हेच, आणि बिनअंड्याच्या केकच्या कृतींमध्ये लेसिथिन डोकावतं तेही याचसाठी. आपल्या शरीरातल्या प्रत्येक पेशीच्या आवरणात ही द्रव्यं असतात. यकृत तर पित्तावाटे रोज काही ग्रॅम लेसिथिन आतड्यात सोडत असतं. शरीराला हा पाहुणा परका नाही.

सोयाबीनचं कच्चं तेल काढल्यावर त्यात थोडं पाणी घालून ढवळतात. पाण्यानं फुगलेला चिकट भाग यंत्रात फिरवून वेगळा करतात आणि वाळवतात. हेच द्रवरूप लेसिथिन, काकवीसारखं दाट आणि तपकिरी. त्यातलं तेल ॲसिटोननं काढून टाकलं की भुकटी किंवा दाणे उरतात. कारखान्यात बियांतून तेल काढायला बहुधा हेक्झेन वापरतात, म्हणून काहींना धडकी भरते. हेक्झेन पुढच्या टप्प्यांत उडवून लावतात. शिवाय आपण रोज ज्यात भाजी फोडणीला टाकतो त्या रिफाइंड सोयाबीन तेलाचा उगमही तोच असतो. तेलाची बाटली बिनधास्त उपडी करायची आणि चिमूटभर लेसिथिनला घाबरायचं, हे काही पटत नाही.

आता प्रमाण बघू, कारण सगळा खेळ त्याचाच आहे. चॉकलेटमध्ये लेसिथिन साधारण 0.3 ते 0.5 टक्के लागतं. अर्धा किलो चॉकलेटला दीड ते अडीच ग्रॅम, म्हणजे जेमतेम अर्धा चमचा. त्यानं वितळलेलं चॉकलेट पातळ होऊन साच्यात नीट पसरतं. याहून जास्त घातलं तर ते उलट घट्ट होऊ लागतं. दहा ग्रॅमच्या एका वडीतून पोटात जातं ते फार तर 0.05 ग्रॅम. आणि बाजारातून तयार स्लॅब आणून वितळवत असाल तर आधी वेष्टण वाचा. बहुतेक स्लॅबवर 322 हा आकडा दिसेल. तो लेसिथिनचाच. तिथं पुन्हा घालायची गरज नाही.

इतक्या प्रमाणाला सुरक्षित म्हणायला आधार आहे. जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांच्या संयुक्त तज्ज्ञ समितीनं 1973 साली लेसिथिनवर रोजची मर्यादा घातली नाही. युरोपच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणानं 2017 साली पुन्हा तपासणी केली, तेव्हाही एक वर्षावरील लोकांसाठी अन्नातल्या वापरात चिंतेचं कारण दिसलं नाही. 'इमल्सिफायरनं आतड्याला सूज येते' असा संदेश तुमच्याही फोनवर आला असेल. 2015 साली गाजलेला उंदरांवरचा तो प्रयोग कार्बॉक्सिमिथाइल सेल्युलोज आणि पॉलिसॉर्बेट 80 या दोन वेगळ्या पदार्थांवर होता, लेसिथिनवर नव्हे. सोयातल्या हार्मोनसारख्या द्रव्यांची, आयसोफ्लेवोनची, भीतीही इथं लागू नाही, कारण लेसिथिनमध्ये ती नगण्य उरतात. थायरॉइडची गोळी घेणाऱ्यांनी सोया दूध किंवा सोया चंक्स गोळीबरोबर घेऊ नयेत हे खरं, पण चॉकलेटच्या वडीतल्या लेसिथिननं गोळी वाया जात नाही.

आता आजोबांचा मुद्दा. लेसिथिनमधून कोलीन नावाचं पोषकद्रव्य मिळतं, मेंदूला आणि यकृताला ते लागतं, इथपर्यंत खरं. पण सोया लेसिथिनमध्ये कोलीन असतं तीन टक्क्यांच्या आसपास. एका अंड्यातून दीडशे मिलिग्रॅमच्या घरात कोलीन मिळतं, आणि तेवढं चॉकलेटमधल्या लेसिथिनमधून मिळवायचं तर जवळपास किलोभर चॉकलेट संपवावं लागेल! कॅप्सूल आणि दाणे घेऊन कोलेस्टेरॉल भरवशानं उतरतं असं सिद्ध झालेलं नाही. विस्मरणाच्या आजारातही चाचण्यांमधून फायदा दिसला नाही. चमचे भरभरून खाल्लं तर मळमळ, पोट फुगणं, जुलाब मात्र होऊ शकतात. अंगावर पाजणाऱ्या आईच्या स्तनात वारंवार गाठ धरत असेल तर डॉक्टर कधी लेसिथिन सुचवतात, पण तिथला पुरावाही मर्यादित आहे. तो सल्ला तुमच्या डॉक्टरकडूनच घ्या, शेजारणीकडून नको.

कॅनडा-अमेरिकेतल्या काही वाचकांचा प्रश्न वेगळाच असतो. तिकडं जिथं परवानगी आहे तिथं लोक घरी गांजाचं लोणी करून ब्राउनीत घालतात आणि त्यात लेसिथिनही टाकतात. यात काळजी लेसिथिनची नाही, मात्रेची आहे. कॅनडात दुकानातल्या पाकिटाला 10 मिलिग्रॅम टीएचसीची, म्हणजे गांजातल्या नशा आणणाऱ्या द्रव्याची, मर्यादा आहे, घरच्या ब्राउनीला मोजमापच नाही. असर चढायला अर्ध्या तासापासून दोन तास लागतात, तोवर माणूस दुसरा तुकडा खाऊन बसतो. आणि लहान मुलाला ब्राउनी ब्राउनीच दिसते. ज्या घरात मूल आहे तिथं हा उद्योग नकोच. भारतात तर 1985च्या कायद्यानुसार गांजा बाळगणं हा गुन्हा आहे.

खरेदी करताना मात्र चोखंदळ व्हा. लेसिथिन रंग, चामडं, पशुखाद्य अशा धंद्यांतही जातं, त्यामुळे 'खाद्य दर्जा' लिहिलेलंच घ्या. बेकरीच्या सामानाच्या दुकानात मोठ्या डब्यातून सुट्टं भरून दिलेली, काहीच न छापलेली पुडी कितीही स्वस्त मिळाली तरी नको. पाकिटावर एफएसएसएआय या भारतीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा 14 अंकी परवाना क्रमांक, वापरण्याची मुदत आणि हिरवं चिन्ह बघा. लेसिथिन अंड्याचंही असतं, म्हणून शाकाहारी घरांनी ते चिन्ह मुद्दाम शोधावं. जनुकबदल केलेल्या सोयाबीनची चिंता वाटत असेल तर भारतीय सोयाबीनपासूनचं लेसिथिन आहे का ते विचारा. आपल्याकडे जनुकबदल सोयाबीनच्या लागवडीला परवानगी नाही. लातूर, विदर्भ आणि शेजारचा मध्य प्रदेश इथं पिकतं ते साधं वाण. सूर्यफुलाचं लेसिथिनही मिळतं, थोडं महाग, पण गुण तेच. घरी आणल्यावर घट्ट झाकणाच्या डब्यात, गार आणि अंधाऱ्या जागी ठेवा. कोमट तुपात किंवा वितळलेल्या कोको बटरमध्ये आधी विरघळवा, पाण्यात नाही. जुन्या तेलासारखा खवट वास आला तर सरळ फेकून द्या.

ज्यांनी खरोखर सावध राहावं ते म्हणजे सोयाची ॲलर्जी असलेले. लेसिथिनमध्ये सोयाची प्रथिनं अगदी अंशमात्र राहतात, त्यामुळे ॲलर्जी असलेल्या बहुतेकांना ते सोसतं. सगळ्यांना मात्र नाही. गाईच्या दुधाची ॲलर्जी असलेल्या काही बाळांना सोयाही चालत नाही. खाल्ल्यावर काही मिनिटांत ते दोनेक तासांत अंगावर गांधी उठल्या, ओठ-जीभ सुजली, आवाज बसला किंवा धाप लागली तर घरगुती उपाय करत थांबू नका. अशा वेळी ॲड्रेनालिनचं इंजेक्शन लागतं, ते मिळेल अशा रुग्णालयात तातडीनं न्या.

घरून चॉकलेट विकणाऱ्या भगिनींसाठी शेवटचं. एफएसएसएआयची नोंदणी तुम्हालाही लागते आणि सोया हा वेष्टणावर जाहीर करायच्या ॲलर्जीकारक घटकांच्या यादीत आहे. भेट म्हणून डबा देणार असलात तरी झाकणावर एक ओळ लिहा: 'यात सोया, दूध आणि सुकामेवा आहे.'