तालुक्याची पारख : वस्तीसाठी व आपत्काळासाठी

घरवाटणी, धरणामुळे होणारे पुनर्वसन किंवा नोकरीतून निवृत्ती अशा कारणांनी पुष्कळ कुटुंबांना नव्या गावी जमीन घेऊन वस्ती करावी लागते. अशा वेळी जमिनीचा दर व रस्त्यापासूनचे अंतर यांचीच चौकशी प्रथम होते. परंतु चांगल्या वर्षी कोणताही तालुका चांगलाच दिसतो. त्याची खरी परीक्षा वाईट वर्षी होते, आणि तसे वर्ष येण्यापूर्वीच ती परीक्षा घेणे शहाणपणाचे आहे. ती कशी घ्यावी हे स्पष्ट व्हावे म्हणून येथे दोन तालुके उदाहरणादाखल घेतले आहेत.

दोन तालुके, दोन संकटे

सातारा जिल्ह्यातील माण तालुका पर्जन्यछायेत येतो. त्याच जिल्ह्यात महाबळेश्वरी वर्षास ५,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. माणमध्ये तो सरासरी ५०० मिलिमीटरच्या आसपास, आणि तोही लहरी. जमीन बहुतांशी हलकी व मुरमाड. बाजरी, रब्बी ज्वारी, मेंढ्या आणि खिलार जनावरे यांवर येथील संसार उभा राहिला. २०१२-१३ आणि २०१८-१९ मध्ये येथे चारा छावण्या उघडाव्या लागल्या.

कोल्हापूर जिल्ह्यातील शिरोळ तालुक्याचे चित्र याच्या उलट आहे. नृसिंहवाडी येथे कृष्णा व पंचगंगा यांचा संगम होतो. जमीन काळी व खोल, पाणी भरपूर, सर्वत्र उसाचे मळे. परंतु २००५, २०१९ आणि २०२१ या वर्षी महापुराने येथील गावे वेढली. शिवाय पाण्याचा अतिरेक व निचऱ्याचा अभाव यांमुळे बरीच जमीन क्षारपड झाली आहे. तात्पर्य, निर्धोक असा तालुका नसतो. कोणते संकट येणार हे ओळखून त्याची तयारी आपल्या ऐपतीत बसते किंवा नाही, एवढेच ठरवावयाचे असते.

पाण्याचा अजमास

सरासरी पावसावर विसंबू नये. तालुक्याचे मागील दहा वर्षांचे आकडे मिळवून त्यांतील सर्वांत कमी पावसाची दोन वर्षे पाहावीत. महाराष्ट्राच्या बहुतेक भागांत खाली काळा पाषाण आहे. त्यातील पाणी मुरमाच्या थरात व फटींत साठते. अभंग कातळात ते नसते. यास्तव शेजारच्या विहिरीस पाणी आहे म्हणून आपल्या जमिनीतही लागेल असे मानू नये. विहिरीची पातळी कोजागिरीच्या सुमारास एकदा व अक्षय्य तृतीयेच्या सुमारास पुन्हा मोजावी. १९७२ च्या दुष्काळात कोणती विहीर आटली नाही, हे गावातील वृद्धांकडून जाणून घ्यावे.

गरजेचा हिशेब असा करावा. पाच माणसांस पिण्यास व स्वयंपाकास माणशी १० लिटर धरल्यास वर्षाला १८,२५० लिटर पाणी लागते. ५० चौरस मीटर छपरावर ५०० मिलिमीटर पाऊस पडला तर २५,००० लिटर पाणी येते. पाचवा हिस्सा वाया गेला तरी २०,००० लिटर उरते. म्हणजे पुरेशी टाकी असल्यास माणसासारख्या तालुक्यातही, अर्थात माणमध्येही, घरचे पिण्याचे पाणी साधारण वर्षी छपरावरून मिळू शकते. परंतु तीन मोठ्या जनावरांस रोज १५० लिटरप्रमाणे कोरड्या आठ महिन्यांत ३६,००० लिटर लागते. ते विहिरीतून किंवा शेततळ्यातूनच आले पाहिजे. तसा आधार नसेल तर जनावरांची संख्या आधीच मर्यादित ठेवावी.

धान्य, चारा व बियाणे

माणशी रोज ४०० ग्रॅम धान्य धरल्यास पाच जणांस वर्षाला सुमारे सव्वासात क्विंटल लागते. तीन जनावरांस प्रत्येकी ७ किलोप्रमाणे चार महिन्यांचा कडबा अडीच टन होतो. एक हंगाम बुडाल्यास तग धरण्यासाठी एवढा साठा व पुढील पेरणीचे बियाणे घरात असावे. रब्बी ज्वारीस एकरी ४ किलो बियाणे पुरते. साठा कोरड्या व उंच जागी असावा. पूरक्षेत्रात तळघरातील कणगी निरुपयोगी ठरते.

घराची जागा

नदीकाठच्या गावी जलसंपदा विभागाने आखलेल्या पूररेषा पाहाव्यात. निळ्या रेषेच्या आत घर बांधू नये व लाल रेषेच्या बाहेर जागा मिळाल्यास तीच पसंत करावी. २०१९ च्या पाण्याच्या खुणा जुन्या भिंतींवर शोधाव्यात. कोल्हापूर येथे राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट व धोका पातळी ४३ फूट आहे. इशारा मिळताच जनावरांसह निघावे. ८ ऑगस्ट २०१९ रोजी सांगली जिल्ह्यातील ब्रह्मनाळ येथे पुरातून माणसे नेणारी नाव उलटून अनेकांचे प्राण गेले. सुटकेची वेळच येऊ न देणे हीच खरी तयारी होय.

डोंगराळ भागात तीव्र उताराच्या पायथ्याशी वस्ती करू नये. माळीण येथे ३० जुलै २०१४ रोजी व इर्शाळवाडी येथे १९ जुलै २०२३ च्या रात्री दरड कोसळून वस्तीच गाडली गेली. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात दगडमातीच्या जाड भिंती व मातीची जड धाबी कोसळून मनुष्यहानी वाढली, हेही घर बांधताना ध्यानी घ्यावे.

रस्ता, माणसे व कागद

भर पावसाळ्यात रुग्णास दवाखान्यापर्यंत नेता येते काय, हे प्रत्यक्ष चालून पाहावे. गावात दूध संस्था, बचत गट व सहकारी सोसायटी चालते काय, याची चौकशी करावी; संकटात पहिली मदत शेजाऱ्याचीच येते. सातबारा, आठ-अ व फेरफार तपासून वहिवाटीचा रस्ता नकाशात असल्याची खात्री करावी. शेतकरी नसलेल्या व्यक्तीस परवानगीवाचून शेतजमीन घेता येत नाही, हेही आधीच सांगावे.

ग्रामस्तरावरील कार्यकर्त्यांनी आपल्या गावापुरती ही माहिती एका वहीत नोंदवून ठेवावी : आटणाऱ्या व न आटणाऱ्या विहिरी, पुराची सर्वांत उंच खूण, पावसाळ्यात बंद पडणारे रस्ते, क्षारपड पट्टे. नवी वस्ती करणाऱ्यास ती दाखवावी. मेहनतीने जमविलेली पुंजी जमिनीत घालण्यापूर्वी त्याला ही वही मिळाली, तर पुढील कित्येक वर्षांचे नुकसान टळेल.