घटक ५ : शहराकाठचे रान – छोट्या वनफेरीचे वृत्तलेखन

५.१ उद्दिष्टे

हा घटक अभ्यासल्यानंतर तुम्हांला –
• कुंपणातील वनफेरी, खुली वनफेरी आणि मार्गदर्शकासह केलेली पायवाट यांतील फरक स्पष्ट करता येईल.
• फेरीत प्रत्यक्ष पाहिलेले, खुणांवरून ताडलेले आणि इतरांकडून ऐकलेले यांची लेखनात वेगवेगळी नोंद करता येईल.
• वन्य प्राण्यांविषयी लिहिताना शब्दनिवडीचे परिणाम ओळखता येतील.
• अल्पकाळाच्या वनफेरीचा नेमका व प्रामाणिक वृत्तांत लिहिता येईल.

५.२ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, मागील घटकात आपण प्रवासवर्णनाचे विशेष पाहिले. निसर्गविषयक लेखन हे त्याचे जवळचे भावंड आहे. मराठीत या लेखनाची परंपरा समृद्ध आहे. मारुती चितमपल्ली यांनी वनखात्यातील प्रदीर्घ सेवेत रान अनुभवले आणि मग ‘रानवाटा’सारखी पुस्तके लिहिली. व्यंकटेश माडगूळकरांचे ‘नागझिरा’ हे त्या अभयारण्यातील मुक्कामातून आले. दुर्गा भागवतांच्या ‘ऋतुचक्रा’त वर्षाचे बाराही महिने आहेत. या तिघांच्या लेखनामागे दीर्घ सहवास आहे.

आजच्या शहरी वाचकाच्या वाट्याला एवढा सहवास क्वचितच येतो. सुट्टीच्या दिवशी तिकीट काढून, ठरलेल्या वेळी, ठरलेल्या वाहनातून केलेली अर्ध्या-एक तासाची फेरी, एवढेच त्याचे रान असते. ‘सफारी’ हा शब्द स्वाहिली भाषेतून जगभर गेला. त्याचे मूळ अरबी ‘सफर’ या शब्दात आहे, आणि आपला मराठीतील ‘सफर’ हा शब्दही त्याच मुळाचा आहे. मूळ अर्थ ‘प्रवास’ असा असला, तरी आज ‘सफारी’ म्हणजे प्राणी पाहण्याची फेरी, असा अर्थ रूढ झाला आहे. एवढ्या थोड्या अवधीत जे दिसते, त्याविषयी लेखकाने काय व किती म्हणावे, हा या घटकाचा मुख्य प्रश्न आहे.

५.३ विषय-विवेचन

५.३.१ स्थळाची ओळख

आपण उदाहरणादाखल बोरिवलीचे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान घेऊ. मुंबई उपनगर आणि ठाणे या जिल्ह्यांत पसरलेल्या या उद्यानाचे क्षेत्रफळ सुमारे १०४ चौरस किलोमीटर आहे. त्याच्या बहुतेक बाजूंनी दाट वस्ती आहे. मुंबईला पाणी पुरवणारे तुळशी व विहार हे तलाव या डोंगररांगेतच आहेत. विहार तलाव १८६० च्या सुमारास, तर तुळशी तलाव १८७९ मध्ये बांधून पूर्ण झाला. उद्यानाच्या मध्यभागी कान्हेरीची शंभराहून अधिक बौद्ध लेणी आहेत. त्यांतील जुनी लेणी सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची आहेत. ‘कान्हेरी’ हे नाव ‘कृष्णगिरी’ या जुन्या नावावरून आले आहे.

म्हणजे, शहरातून ‘बाहेर’ गेल्यावर हे रान लागते असे नाही. ते शहराचा पाणीपुरवठा सांभाळते, त्याच्यात माणसाचा प्राचीन वावर आहे आणि त्याच्या सीमेला इमारतींच्या भिंती भिडल्या आहेत. वृत्तांत लिहिताना ही पार्श्वभूमी दोन-तीन वाक्यांत यावी. माहितीपुस्तिकेतील सर्व तपशील उतरवून काढण्याची आवश्यकता नाही.

५.३.२ कुंपणातील फेरी

उद्यानातील सर्वांत लोकप्रिय फेरी म्हणजे सिंह-व्याघ्र विहार. खिडक्यांना जाळ्या लावलेली बस कुंपणाच्या आत जाते आणि ठरलेल्या रस्त्याने फिरून परत येते. येथील वाघ-सिंह सांभाळलेले आहेत. त्यांना वेळच्या वेळी खाद्य दिले जाते, पशुवैद्यकांची देखरेख असते आणि त्यांचा वावर कुंपणापुरता मर्यादित असतो. आशियाई सिंहाचे आजचे नैसर्गिक वसतिस्थान गुजरातेतील गीर व त्याचा परिसर हे आहे. बोरिवलीच्या मोकळ्या रानात सिंह नाहीत.

नागपूरजवळच्या गोरेवाडा प्राणिउद्यानातील फेरीही याच प्रकारची आहे. याउलट जयपूर शहरालगतच्या झालाना वनात बिबटे मोकळे असतात. केनियातील नैरोबी राष्ट्रीय उद्यान १९४६ मध्ये स्थापन झाले. राजधानीच्या अगदी कडेला असलेल्या या उद्यानाला शहराच्या बाजूने कुंपण आहे, मात्र दक्षिणेची बाजू प्राण्यांच्या ये-जा करण्यासाठी मोकळी आहे. अशा खुल्या फेरीत प्राणी दिसेलच याची हमी कोणी देऊ शकत नाही.

कुंपणातील फेरी कमी प्रतीची आहे, असा याचा अर्थ नव्हे. ज्या मुलाने वाघ फक्त चित्रात पाहिला आहे, त्याला त्याचा आकार, त्याची चाल, त्याचा श्वास दोन हातांच्या अंतरावरून जाणवणे ही मोठी गोष्ट आहे. दोष फेरीत नसून तिच्या वर्णनात शिरतो. पुढील दोन उतारे वाचा. दोन्ही या घटकासाठी तयार केले आहेत.

(अ) “अखेर तो थरारक क्षण आला! घनदाट अरण्यातून जंगलाचा राजा डौलदार पावले टाकीत आमच्यासमोर अवतरला. त्याच्या जळजळीत नजरेने आमच्या काळजाचा ठोका चुकला. निसर्गाच्या या रौद्र रूपापुढे आम्ही नतमस्तक झालो.”

(आ) “फाटक मागे बंद झाले आणि बस हळू झाली. पाण्याच्या टाकीत वाघ मानेपर्यंत बुडून बसला होता. बसमधली मुले ओरडली, तेव्हा त्याचा एक कान हलला. डोळे मिटलेलेच राहिले. हा वाघ येथेच वाढला आहे, असे मार्गदर्शकाने सांगितले. बसचा आवाज त्याच्या सवयीचा झालेला दिसला.”

पहिल्या उताऱ्यात वाघ कोणता, कोठे, कसा होता, हे कळत नाही. तो उतारा फेरीला न जाताही लिहिता आला असता. दुसऱ्या उताऱ्यात फाटक, टाकी, कान, मुलांचा आवाज यांमुळे प्रसंग उभा राहतो. शिवाय सांगोवांगीची माहिती कोणाकडून मिळाली, हे नमूद केले आहे आणि ‘दिसला’ या क्रियापदाने लेखकाचा तर्क तर्क म्हणूनच ठेवला आहे.

५.३.३ पायवाट : खुणा आणि चाहूल

याच उद्यानात मार्गदर्शकासह पायी हिंडण्याच्याही वाटा आहेत. शिलोंडा ही त्यांतील परिचित वाट. या वाटेवर मोठा प्राणी दिसण्याचा संभव थोडा. मात्र वाचायला शिकवले, तर रान बरेच काही सांगते.

मऊ मातीतला ठसा पाहा. कुत्र्याच्या ठशात बोटांपुढे नख्यांच्या खुणा उमटतात. बिबट्या चालताना नख्या आत ओढून घेतो, म्हणून त्याच्या ठशात त्या सहसा नसतात. तळव्याच्या मागच्या कडेला मात्र तीन फुगवटे दिसतात. वाटेतल्या विष्ठेत केस असतील, तर ती मांसभक्षकाची असण्याचा संभव असतो. वानर झाडाच्या शेंड्यावरून एकाच दिशेला पाहत घशातून खकारू लागले आणि खालच्या चितळांनी माना वर करून तीव्र आवाज काढला, तर जवळपास शिकारी प्राणी असावा, असे मार्गदर्शक सांगतो. आपण झुडपाकडे पाहतो, तेथे काहीच दिसत नाही. पण ते ‘काहीच नाही’ आता पूर्वीसारखे राहिलेले नसते.

या रानाचा खरा रहिवासी बिबट्या असाच अदृश्य असतो. २०१५ मध्ये कॅमेरा-सापळे लावून केलेल्या गणनेत उद्यान व लगतचा आरे परिसर येथे ३५ बिबट्यांची नोंद झाली. तरीही उद्यानात येणाऱ्या बहुसंख्य लोकांना तो आयुष्यात एकदाही दिसत नाही. याचा अर्थ असा की, या उद्यानात जे हमखास दिसते ते राखलेले असते आणि जे खरोखर मोकळे असते ते बहुधा दिसत नाही. छोट्या वनफेरीच्या लेखकाने हे सूत्र ध्यानात ठेवावे. दिसणे आणि असणे यांतील हे अंतर बुजवण्याचा मोह टाळणे, हेच त्याचे पहिले कर्तव्य होय.

स्वयं-अध्ययन प्रश्न – १
१. ‘सफारी’ आणि ‘सफर’ या शब्दांचा परस्परसंबंध सांगा.
२. बिबट्याचा ठसा कुत्र्याच्या ठशाहून कसा ओळखावा?
३. उतारा (आ) मध्ये ऐकीव माहिती कोणती आहे?

५.३.४ शब्दनिवड आणि तिचे परिणाम

मराठीत ‘वाघ’ हा शब्द व्यापक आहे. ग्रामीण बोलीत ढाण्या वाघ, बिबट्या वाघ असा भेद केला जातो; अनेकदा दोघांनाही नुसते ‘वाघ’च म्हणतात. सह्याद्रीच्या परिसरात ‘वाघरू’ हाही शब्द ऐकू येतो. बोलीतील ही नावे जपावीत. मात्र कोणता प्राणी अभिप्रेत आहे, हे वृत्तांतात स्पष्ट व्हायला हवे.

याहून गंभीर प्रश्न क्रियापदांचा आहे. ‘बिबट्या वस्तीत घुसला’ आणि ‘बिबट्या वस्तीजवळ दिसला’ या दोन वाक्यांतील घटना एकच असू शकते. पहिल्या वाक्यात प्राणी गुन्हेगार ठरतो आणि त्याला पकडून दूर नेण्याची मागणी ओघानेच येते. दूर नेण्याने प्रश्न सुटतो का? पुणे जिल्ह्यातील जुन्नर परिसरात २००१ नंतर अनेक बिबटे पकडून इतरत्र सोडण्यात आले. विद्या अत्रेय व त्यांच्या सहकाऱ्यांनी या घटनांचा अभ्यास केला. या स्थलांतरांनंतर माणसांवरील हल्ले घटले नाहीत, उलट वाढले, असे त्यांना आढळले. अनोळखी मुलखात सोडलेला प्राणी आपल्या जुन्या क्षेत्राकडे परतू पाहतो आणि वाटेत माणसांशी त्याची गाठ पडते.

बोरिवलीच्या उद्यानाभोवती २००४ मध्ये बिबट्यांच्या हल्ल्यांत अनेक माणसांचा बळी गेला. पुढे २०११ मध्ये वनखात्याने नागरिक व अभ्यासक यांच्या सहकार्याने ‘मुंबईकर्स फॉर एसजीएनपी’ हा उपक्रम सुरू केला. वस्तीतील कचरा आवरणे, त्यावर पोसली जाणारी भटकी कुत्री कमी करणे, अंधारात मुलांना एकटे न सोडणे यांबरोबरच पत्रकारांशी संवाद हाही त्या कामाचा भाग होता. बातमीतील शब्द लोकांच्या भीतीला वळण देतात आणि ती भीती प्रशासनाच्या निर्णयाला वळण देते, ही जाणीव त्यामागे होती.

तथापि, दुसऱ्या टोकाचे शब्दही तपासून घ्यावेत. ‘मानव आणि बिबट्यांचे सुंदर सहजीवन’ असे लिहिणे बसमधून उतरून घरी जाणाऱ्याला सोपे असते. ज्या घरातील मूल बिबट्याने नेले, त्या घरासमोर हे वाक्य मोठ्याने वाचता येईल का, हा प्रश्न स्वतःला विचारावा. ‘नरभक्षक’ हा शब्द जसा पुराव्याशिवाय वापरू नये, तसाच ‘सहजीवन’ हाही वापरू नये.

५.३.५ रानातील माणसे

वनफेरीच्या वर्णनांतून बहुधा वगळला जाणारा घटक म्हणजे तेथील माणसे. या उद्यानाच्या परिसरात वारली, मल्हार कोळी आदी आदिवासींचे पाडे आहेत. वारली समाजात वाघोबा ही देवता आहे आणि दिवाळीच्या प्रारंभी वाघबारस पाळली जाते. वाघोबाला नैवेद्य दाखवणारा समाज वाघाला भीत नाही असे नाही; भीतीला त्याने एक रीत दिली आहे. त्याच वेळी या रानाच्या सीमेचा प्रश्न न्यायालयातही गेला. १९९७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने उद्यानातील अतिक्रमणे हटवण्याचा आदेश दिला आणि पुनर्वसनाचा प्रश्न दीर्घकाळ चर्चेत राहिला. रान कोणाचे, हा प्रश्न एका छोट्या वृत्तांतात सोडवता येणार नाही. परंतु वाटेत पाडा लागला असेल, विहिरीवर पाणी भरणाऱ्या बाया दिसल्या असतील, तर त्यांना वगळून ‘निर्मनुष्य अरण्य’ रंगवणे ही असत्य नोंद ठरते.

५.३.६ लेखनाची पद्धत

वनफेरीचा वृत्तांत लिहिताना पुढील क्रम उपयोगी पडतो.
• फेरीआधी स्थळाचा नकाशा पाहावा आणि फेरी कुंपणातील की खुली, हे विचारून घ्यावे.
• फेरीत वहीचे तीन रकाने करावेत : पाहिले, ताडले, ऐकले. फोटो काढण्यापूर्वी निदान एक मिनिट नुसते पाहावे.
• झाड, पक्षी, फूल यांची स्थानिक नावे मार्गदर्शकाला विचारावीत. ‘सुंदर फुले’ लिहिण्यापेक्षा ‘कारवी फुलली होती’ असे लिहावे. या उद्यानात कारवी साधारण आठ वर्षांतून एकदा बहरते. २०१६ मध्ये ती फुलली होती. नाव लिहिताच वाक्याला काळही मिळतो.
• लेखनात तिन्ही रकान्यांची सरमिसळ होऊ देऊ नये. ताडलेल्या गोष्टीस ‘असावा’, ऐकलेल्या गोष्टीस ‘असे सांगितले’ ही रूपे वापरावीत. मराठी क्रियापदांत ही सोय आहे. तिचा लाभ घ्यावा.
• शेवटी उपदेश जोडू नये. अचूक नोंद स्वतःच पुरेसे बोलते.

स्वयं-अध्ययन प्रश्न – २
योग्य की अयोग्य ते सांगा.
१. जुन्नर परिसरात बिबटे दूर नेल्यावर हल्ले थांबले.
२. वाघबारस दिवाळीच्या प्रारंभी पाळली जाते.
३. नैरोबी राष्ट्रीय उद्यान चारही बाजूंनी बंदिस्त आहे.

५.४ सारांश

शहराकाठची छोटी वनफेरी हा आजच्या वाचकाचा रानाशी होणारा सर्वांत सामान्य परिचय आहे. कुंपणातील प्राणी जवळून दिसतात, पण ते राखलेले असतात. मोकळा बिबट्या बहुधा खुणांतूनच कळतो. लेखकाने पाहिलेले, ताडलेले आणि ऐकलेले वेगळे ठेवावे. ‘घुसला’, ‘नरभक्षक’, ‘सहजीवन’ यांसारखे शब्द तपासून वापरावेत, कारण त्यांचे परिणाम प्राण्यांना आणि माणसांनाही भोगावे लागतात. रानातील माणसे हीही त्या दृश्याचा भाग आहेत.

५.५ शब्दार्थ

चाहूल – आवाज वा हालचालीवरून लागणारी सूचना
पाडा – आदिवासींची छोटी वस्ती
कॅमेरा-सापळा – प्राणी समोरून जाताच आपोआप छायाचित्र टिपणारा कॅमेरा
खकारणे – घशातून खरखरीत आवाज काढणे

५.६ स्वयं-अध्ययन प्रश्नांची उत्तरे

प्रश्न १ : (१) दोन्ही शब्द अरबी ‘सफर’ या मुळाचे, ‘सफारी’ स्वाहिलीतून आला. (२) नख्यांच्या खुणा सहसा नसतात. तळव्याच्या मागच्या कडेला तीन फुगवटे असतात. (३) वाघ येथेच वाढला आहे, ही माहिती.
प्रश्न २ : (१) अयोग्य (२) योग्य (३) अयोग्य

५.७ स्वाध्याय

१. ‘दिसणे आणि असणे यांतील अंतर’ हे सूत्र या घटकाच्या आधारे स्पष्ट करा. (२५० शब्द)
२. वन्य प्राण्यांविषयीच्या एका बातमीतील क्रियापदे व विशेषणे वेगळी काढा आणि ती बातमी नेमक्या शब्दांत पुन्हा लिहा.
३. उपक्रम : तुमच्या गावाच्या वा शहराच्या कडेला असलेल्या टेकडीवर, तळ्यावर किंवा राईत जाणत्या व्यक्तीबरोबर तासभर हिंडा. तीन रकान्यांत नोंदी करा आणि त्यांवरून ४०० शब्दांचा वृत्तांत लिहा. मोठा प्राणी दिसला नाही तरी चालेल.