दृष्टान्तपाठातील कथनरीती : हत्तीच्या दृष्टान्ताचा एक पाठ

सर्वज्ञ श्रीचक्रधर स्वामींच्या निरूपणात कथेला मोठे स्थान आहे. तथापि ब्रह्मविद्येच्या अभ्यासात एक अनुभव वारंवार येतो. श्रोत्याला कथा आठवते, पण ज्या सूत्रासाठी ती सांगितली ते सूत्र आठवत नाही. कथा सूत्रावाचून फिरू लागली की तिला कोणताही अर्थ चिकटतो. हत्ती आणि जात्यंध यांच्या दृष्टान्ताचे नेमके असेच झाले आहे. म्हणून त्या दृष्टान्ताची रचना कशी आहे आणि ती रचना अर्थाचे रक्षण कसे करते, हे प्रस्तुत पाठात पाहावयाचे आहे.

१. गोष्ट आणि दृष्टान्त

मूर्तिजापूर काय, अचलपूर काय, वर्‍हाडातील कोणत्याही घरी लेकराच्या कानी पहिली गोष्ट पडते ती बहुधा चिमणी-कावळ्याची. कावळ्याचे घर शेणाचे, चिमणीचे मेणाचे; पाऊस येतो, शेणाचे घर वाहून जाते आणि कावळा दाराशी येऊन उभा राहतो. ही गोष्ट मराठीत प्रथम लिहिलेली आढळते ती लीळाचरित्रात. तेथे चिमणीच्या जागी साळुंकी, म्हणजे ‘साळै’, आहे. तेराव्या शतकात लिहून ठेवलेली गोष्ट आजही निरक्षर आजीच्या तोंडी असावी, हा कथनाच्या सामर्थ्याचा पुरावाच होय.

या गोष्टीचे बळ पुनरुक्तीत आहे. तीच हाक, तेच बंद दार, तेच उत्तर. लेकराला पुढचे वाक्य आधीच ठाऊक असते आणि त्यातच त्याला गोडी वाटते. ही गोष्ट स्वतःपाशी पूर्ण होते. तिच्यामागे सूत्र शोधण्याचे कारण नाही.

दृष्टान्ताचे तसे नाही. तो स्वतःपाशी पूर्ण होत नाही. त्याचा एक हात सूत्राकडे असतो आणि दुसरा दार्ष्टान्तिकाकडे. दोन्ही प्रकार एकाच श्रीमुखातून निघाले असले तरी त्यांचे वाचन वेगळ्या रीतीने करावे लागते.

२. केशिराजांची त्रिविध रचना

रिद्धपुरी म्हाइंभटांनी लीळांचे संकलन केले. त्या सामग्रीतून केशिराजबासांनी दृष्टान्त वेगळे काढून ‘दृष्टान्तपाठ’ सिद्ध केला. त्यात ११४ दृष्टान्त आहेत. प्रत्येकाची मांडणी तीन अंगांची आहे. आधी सूत्र, मग दृष्टान्त, शेवटी दार्ष्टान्तिक. पहिली दोन अंगे स्वामींची, तिसरे केशिराजांचे.

या विभागणीतील विवेक लक्षात घेण्याजोगा आहे. केशिराज संस्कृताचे मोठे पंडित होते. आपले पांडित्य दृष्टान्ताच्या पोटात मिसळणे त्यांना अवघड नव्हते. त्यांनी ते केले नाही. स्वामींचे शब्द जेथे संपतात तेथे रेघ ओढावी तसे ते थांबले आणि स्वतःचा उलगडा निराळ्या स्थानी ठेवला. भाषेची निवडही याच वृत्तीने झाली. केशिराजांनी संस्कृतात रचना करू नये, त्यामुळे आपल्या साध्याभोळ्या म्हातार्‍या ज्ञानाला मुकतील, असे नागदेवाचार्यांनी त्यांना सांगितल्याचा प्रसंग स्मृतिस्थळात आला आहे. दृष्टान्तपाठाचे गद्य त्या म्हातार्‍यांसाठी आहे हे ध्यानात ठेवले, म्हणजे त्याची लहान वाक्ये आणि अलंकाराचा संयम यांचे कारण कळते.

३. कथनाची अंगे

आता दृष्टान्ताकडे वळू. कोणा एका गावी हत्ती येतो. गावातील जात्यंध तो पाहावयास जातात. ज्याच्या हाती पाय लागतो तो हत्तीला खांबासारखा म्हणतो, ज्याच्या हाती कान लागतो तो सुपासारखा म्हणतो. ज्याला जो अवयव लाभला तोच त्याचा हत्ती. डोळस मनुष्याला मात्र संपूर्ण हत्ती दिसतो.

येथे पहिले अंग निनावीपणाचे. गावाला नाव नाही, माणसांना नाव नाही, काळ सांगितलेला नाही. श्रोत्याने दुसर्‍या कोणाकडे बोट दाखवू नये, म्हणून ही जागा मोकळी ठेवली आहे.

दुसरे अंग उपमांचे. खांब आणि सूप या प्रत्येक घरातील वस्तू. जात्यंधाने हत्ती कधी पाहिलेला नाही, पण खांब रोज चाचपलेला आहे. अपरिचिताला तो परिचिताच्या मापाने मोजतो. जीवाचे अज्ञान नेमके याच रीतीने चालते. उपमा येथे शोभेसाठी नाही. अज्ञानाची क्रियाच ती दाखवून देते.

तिसरे अंग अल्पाक्षरतेचे. कोण कसा उभा होता, हत्ती कोणाचा होता, पुढे काय झाले, यांपैकी काही सांगितलेले नाही. सूत्राला जेवढे हवे तेवढेच कथेत आहे.

४. एक कथा, चार अर्थ

ही कथा भारतवर्षात जुनी आहे. बौद्धांच्या उदान ग्रंथात श्रावस्तीचा राजा जात्यंधांना एकत्र करून हत्ती दाखवितो. तेथेही पाय खांबासारखा आणि कान सुपासारखा आहे. पण शेवटी ते हातघाईवर येतात आणि राजाची करमणूक होते. कथेचा रोख वादविवादाच्या व्यर्थतेवर आहे. जैन आचार्य हीच कथा अनेकान्ताच्या समर्थनार्थ देतात. प्रत्येक दृष्टी आपल्या अंगाने खरी. स्वामींच्याच शतकात, दूर कोन्या नगरीत, जलालुद्दीन रूमी यांनी तिला वेगळे वळण दिले. त्यांचा हत्ती अंधार्‍या घरात आहे आणि पाहणारे डोळस आहेत. उणीव दिव्याची आहे.

कथावस्तू एक, अर्थ मात्र निरनिराळे. यावरून सिद्ध होते की अर्थ कथावस्तूत नसून तिला ज्या सूत्राशी बांधले त्या बंधनात आहे. महानुभाव दर्शनात जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर हे चार पदार्थ स्वतंत्र मानले आहेत. त्या भूमिकेतून पाहता दृष्टान्ताचा रोख असा : एकेका अंगाचे ज्ञान झालेला त्यालाच परमेश्वर म्हणतो, संपूर्ण ज्ञान ज्याला आहे तोच ते स्वरूप सांगू शकतो.

५. दोन चुकीची वाचने

‘सगळेच आपापल्या परीने बरोबर’ असा या दृष्टान्ताचा अर्थ आज सर्रास सांगितला जातो. तो ऐकावयास गोड आहे, पण त्याने दृष्टान्तातील डोळस मनुष्यच नाहीसा होतो. जात्यंधाचा स्पर्श खरा आहे, हे मान्य. ‘हत्ती एवढाच’ हे त्याचे विधान मात्र खरे नाही. स्पर्श आणि विधान यांतील हा भेद मिटविला की ज्ञान देणार्‍याची आवश्यकताच उरत नाही.

दुसरे चुकीचे वाचन पहिल्यापेक्षा अधिक सूक्ष्म आणि साधकाला अधिक घातक आहे. दृष्टान्त ऐकून उठणारा स्वतःला डोळस समजतो आणि इतरांना जात्यंध. वस्तुतः त्याने हत्ती पाहिलेला नाही. ज्याने पाहिला त्याच्याकडून ऐकला आहे. ऐकणे हे मोठे भाग्य खरे, पण ते पाहणे नव्हे. ऐकलेल्याचे आचरण व्हावयाचे आहे, तोवर साधकाचा हात अजून चाचपतोच आहे. परमताची निंदा करण्यासाठी या दृष्टान्ताचा उपयोग करणारा त्यातील अंधांच्या रांगेत आपण होऊन जाऊन उभा राहतो.

मूर्तिजापूर तालुक्यातील दापुरे येथे ज्यांचे बालपण गेले ते श्रीगाडगे महाराज (१८७६–१९५६) कीर्तनात श्रोत्यांना प्रश्न विचारीत आणि उत्तर त्यांच्याच तोंडून वदवून घेत. त्यांचा मार्ग वेगळा, पण श्रोत्याला निसटू न देण्याची युक्ती विचारात घेण्यासारखी आहे. दृष्टान्तपाठ उघडपणे प्रश्न विचारीत नाही. निनावी गाव समोर ठेवून तो थांबतो. ‘या गावात तुझे स्थान कोणते?’ हा प्रश्न वाचणार्‍याने स्वतःला विचारावयाचा आहे.

६. अभ्यासाचा क्रम

म्हणून दृष्टान्ताचे अध्ययन पुढील क्रमाने करावे. आधी सूत्र मुखोद्गत करावे. मग दृष्टान्त वाचून त्यातील कोणते अंग सूत्राला लागते ते पाहावे. प्रत्येक तपशिलाला अर्थ चिकटवू नये. त्यानंतर दार्ष्टान्तिक झाकून ठेवून ते आपल्या शब्दांत मांडावे आणि मगच केशिराजांच्या शब्दांशी ताडून पाहावे. जेथे फरक पडेल तेथे आपण कोणता खांब धरून बसलो होतो ते कळेल. लहानांना कथा अवश्य सांगावी, पण सूत्र सांगितल्याविना उठू नये. म्हातार्‍यांसाठी जे मराठीत राखले गेले, ते त्यांच्या नातवंडांपर्यंत अर्थासह पोचविणे हे पाठ देणार्‍याचे कर्तव्य आहे.